काचीगुड्याच्या गच्चीवरची पेटी

काचीगुडा स्टेशनात गाडी शिरली तरी माझा राग उतरला नव्हता. माझ्या पेटीत पाणी शिरतं म्हणे! बिनतारी इंटरनेटची यंत्रं उन्हापावसात गच्चीवर ठेवायच्या पत्र्याच्या पेट्या मी पुण्यात स्वतः बनवतो. आणि तक्रार कुणाची, तर सख्ख्या मेहुण्याची!

श्रीकांत स्कूटर घेऊन आला होता. काचीगुड्यातल्या घराच्या गच्चीवरून अंबरपेठेतल्या त्याच्या इंटरनेटच्या दुकानात बिनतारी जोडणी जाते.

"भावजी, दुकान पुन्हा बंद पडलं तर संपलं सगळं. नानांनी वकिलाकडे कारकुनाची जागा बोलून ठेवलीय. मीही हौ (होय) म्हणून बसलोय."

नाना म्हणजे माझे सासरे. जन्म कचेरीत गेला. दुकानदारी त्यांना नापसंत.

पेटीच्या दारासाठी नवी रबरी पट्टी घ्यायला सुलतान बाजारात शिरलो. "इत्ती धूप में कायकू (कशाला) भाग रहे साब?" दुकानदार हसला. मला कुठे हसू येतंय! घरी सासूबाईंनी खट्टी दाळ (चिंचेची आमटी) आणि भाकरी वाढली. दोन घास कसेबसे गिळले आणि गच्चीवर पळालो.

पेटी उघडली. दार कोरडं, सांधे कोरडे, आणि तळाला पाणी! बंद पेटी उन्हात तापते, संध्याकाळच्या सरीनं निवते, की आतून घामेजते. ते पाणी निथळावं म्हणून मी तळाला भोकं ठेवतो. खालून चाचपलं तर भोकं गायब. खिडकीच्या काचा बसवायची लांबी (पुट्टी) बोटानं दाबून छान गुळगुळीत बुजवलेली!

"कुणी केलं हे?" मी ओरडलो.

"मी." जिन्यात नाना उभे होते.

"मुद्दाम?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नक्को (नको) हो असं बोलू, जावईबापू! भोकं दिसली. वाटलं, तुमच्या हातून राहून गेली. पोराचं यंत्र भिजेल म्हणून बुजवली. जावयाची चूक कशी बोलून दाखवायची?"

श्रीकांत बापाकडे बघतच राहिला. माझी तर मान वर होईना.

खिळ्यानं भोकं मोकळी केली. दुसऱ्या दिवशी सर येऊन गेली. पेटी आतून खडखडीत, दुकान चालू. नानांनी कुणाला न विचारता वकिलाला फोन लावला. "माफ करा साहेब, मुलाला सवड नाही."

परतीच्या गाडीत मला एका जागी बसवेना. सासरी आजवर कुणी मला नावं ठेवली नाहीत, याची मी पुण्यात केवढी फुशारकी मारायचो! माझा मान राखायला ही माणसं आणखी कुठे कुठे गप्प बसली असतील, देव जाणे.