युरायची क्रियापदं आणि माझा होकार

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला निघालो, तेव्हा देवगडच्या एसटी स्टँडवर तिघा जणांनी मला विचारलं, "मास्तर, खंय चाललात?" तिघांनाही मी सांगितलं, "एका परदेशी इंजिनियराला इंग्रजी शिकवायला." सांगताना छाती जरा पुढे आली होती, हे कबूल करतो. कशेडीचा घाट लागेपर्यंत ती आपोआप आत गेली. एकवीस वर्षं मी पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवत होतो, पण इंग्रजीत कोणाशी बोललो म्हणाल, तर एकदाही नाही. शाळा तपासायला येणारे साहेबसुद्धा मराठीत बोलून, चहा पिऊन जायचे. आता जिताजागता गोरा माणूस समोर बसणार आणि मला तोंड उघडावं लागणार! पेणला गाडी थांबली तेव्हा हातातला वडा मला गिळवेना.

हा सगळा उद्योग माझ्या धाकट्या भावाचा, वसंताचा. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं तो मिळेल ते काम करत होता. आता अंधेरीच्या एका कारखान्यात लागला होता, पण कायम झाला नव्हता. तिथे चेकोस्लोव्हाकियातून एक यंत्र आलं होतं आणि ते बसवायला एक माणूस. त्या माणसाचं इंग्रजी कामगारांना कळेना आणि मॅनेजरचं इंग्रजी त्या माणसाला कळेना. तेव्हा आमच्या वसंताने ठोकून दिलं, "साहेब, माझा दादा इंग्रजीचा मास्तर आहे. एक नंबर!"

बोरिवलीला तो मला उतरवून घ्यायला आला होता. दहिसरला नदीच्या बाजूला चाळीत त्याची खोली, त्यात नवरा-बायको आणि दोन मुलं. सुनंदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कुळथाची पिठी आणि भात केला होता. जेवताना ती म्हणाली, "दादा, तुमच्यामुळे ह्यांचं नाव झालंय कारखान्यात. आता तरी कायम करतील ना?" मी मान डोलावली आणि पिठीत अजून भात कालवला.

तो परदेशी इंजिनियर, युराय, राहायचा विलेपार्ल्याला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका एरवी बंद असलेल्या ब्लॉकमध्ये. उंच, टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस. कामगार त्याला रशियन म्हणत, मॅनेजर झेक म्हणत, आणि तो प्रत्येक वेळी न कंटाळता सांगे, "नो. स्लोव्हाक." दार उघडून त्याने माझ्याशी हात मिळवला, तेव्हा त्याचा तळवा माझ्याइतकाच ओला होता. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याच्याकडे एक जाड वही होती. एका क्रियापदाला एक पान, असा त्याचा बेत होता. पण 'टेक'ने चार पानं खाल्ली होती आणि 'गेट' तर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर जाऊन पोचला होता. तो 'टेक'वर बोट आपटून म्हणाला (हे सगळं तुटक इंग्रजीत, हातवारे करून), "आमच्याकडे गोळी घ्यायचा शब्द वेगळा, बसने जायचा वेगळा, फोटो काढायचा वेगळा, आंघोळीचा वेगळा. इंग्रज सगळीकडे टेक, टेक, टेक. एवढा आळशी कसा?"

मी मनात मोजून पाहिलं. मराठीतही आपण गोळी घेतो, बस पकडतो, फोटो काढतो, आंघोळ करतो. एकवीस वर्षं माझी मुलं नेमकं इथेच चुकत होती, आणि मी लाल शाईने फुल्या मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. 'रन'चंही तेच. माणूस रन करतो, नाक रन होतं, नळ रन होतो, कारखाना कोणीतरी रन करतो आणि मीठ संपलं तरी तेही रन आउट! युराय कपाळाला हात लावून बसला. "आमच्याकडे यंत्र चालतं. नुसतं चालतं," तो म्हणाला. "आमच्याकडेही," मी म्हणालो. हे मी परदेशी माणसाशी बोललेलं पहिलं धड वाक्य असेल.

असे चार-पाच दिवस गेले. मी शब्द सांगायचो, तो लिहायचा. कुठे अडलं तर दोघंही घाईघाईने "यस, यस" म्हणून पुढे सरकायचो.

एका पानावर मात्र त्याने मला थांबवलं. तिथे चित्र होतं. भलंमोठं पिंप, आत माणूस आणि त्या माणसाच्या खिशात किल्ली. किल्लीखाली तीन रेघा. हेच ते नवं यंत्र. त्यात रबर आणि रंगाची पूड कालवायची. आत लोखंडी पाती. ती साफ करायला एका माणसाला आत उतरावं लागे. उतरणाऱ्याने बटणांच्या फळीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालायची, म्हणजे बाहेरून कोणालाही यंत्र चालू करता येणार नाही. तिकडे त्याच्या कारखान्यात एकदा कोणीतरी किल्ली काढली नव्हती. पुढचं त्याने शब्दांत सांगितलं नाही. पंजा हवेत गोल फिरवला आणि मग खिडकीबाहेर बघत राहिला. शेजारच्या कारखान्यातला बिस्किटांचा गोड वास येत होता.

"यंत्राच्या उद्घाटनाच्या दिवशी साफसफाई दाखवायला आत कोण उतरणार?" संध्याकाळी मी वसंताला सहज विचारलं.

"मीच. माझंच नाव दिलंय साहेबांनी," तो खुशीत म्हणाला.

त्या दिवसापासून भीतीने माझ्या मनात घर केलं, पण किल्लीचं युराय सगळ्यांना सांगणारच आहे, म्हणून मी वसंताकडे विषय काढला नाही.

रविवारी वसंत, युराय आणि मी, आम्ही तिघं मनोरीला गेलो. मार्वेच्या धक्क्यावर 'तर' (खाडी ओलांडायची होडी) उभी होती. युरायच्या देशाला समुद्रच नाही. एवढं पाणी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी किनाऱ्यावर वाढलेला, मला त्यात काय वाटणार? उलट, कोणीतरी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं बघून मी जरा सुखावलोच. तांडेल (होडी चालवणारा) ओरडला, "ओ साहेब, मध्ये बसा, मध्ये!" मी त्याचं इंग्रजी करून दोनदा सांगितलं. युराय हसून म्हणाला, "यस, यस," आणि होता तिथेच, कडेला उभा राहिला. तेवढ्यात लाट आली, होडी कलली, आणि तो सरळ पाण्याकडे झुकला. मी त्याचा सदरा मागून पकडला. दोन बटणं तुटली, माझी एक चप्पल खाडीत गेली, पण माणूस आत राहिला.

"कळलं नव्हतं तर यस का म्हणालास?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "तू दोनदा सांगितलं होतंस. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली."

हा 'यस' मी चांगला ओळखतो. वर्गात जो मुलगा सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने 'यस सर' म्हणतो, त्याला काडीचं कळलेलं नसतं. तरी आपण पुढचा धडा सुरू करतो, कारण आपल्यालाही पुढे जायचं असतं.

मनोरीला एका ओळखीच्या घरी सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. वसंताला वहीची गंमत वाटली. तो म्हणाला, "ह्याला आपलं 'लागणं' शिकव की, दादा! भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेड लागतं, नोकरी लागते..." आणि युरायने मिरची चावून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तसा वसंत ओरडला, "आणि बघ, वाट लागते!" तिघंही खूप हसलो. परतताना युराय होडीच्या अगदी मधोमध, माझा दंड धरून बसला.

गुरुवारी सकाळी उद्घाटन होतं. कारखान्याचे मालक आले, मॅनेजरांनी नारळ फोडला. वसंताने नवा खाकी शर्ट घातला होता. युरायने आपलं भाषण पाठ केलं होतं, मीच ते तपासलं होतं. पण मालकांना बघून त्याचा धीर सुटला. तो पाठ केलेलं विसरला आणि अर्धं इंग्रजी, अर्धं स्लोव्हाक असं भरभर बोलत सुटला. त्यातून मला 'टेक' आणि 'पुट' एवढे दोनच ओळखीचे शब्द भेटले. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. किल्लीचं बोलला की राहिलं, तेही मला कळलं नाही.

मॅनेजरांनी मालकांसमोर मला विचारलं, "काय मास्तर, क्लियर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वसंतसुद्धा बघत होता, अभिमानाने.

"यस सर," मी म्हणालो.

लगेच समोर उभे असलेले आठही कामगार एका सुरात म्हणाले, "यस सर!" माझा वर्गच जसा.

वसंत पिंपाकडे गेला. बटणांच्या फळीपाशी दुसरा कामगार उभा राहिला. वसंताने झडपेला धरून एक पाय आत टाकला, आणि माझी नजर फळीवर गेली. किल्ली तिथेच होती. तिच्या वरचा, वीज चालू असल्याचा लाल दिवा पेटलेला होता.

मनात आलं, आपल्याला काय कळतं यंत्रातलं? इंजिनियर समोर उभा आहे, मॅनेजर आहेत. आता ओरडलो आणि काही नसलंच, तर? हा विचार करायला मी किती वेळ घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. पण घेतला. वसंताचा दुसरा पाय जमिनीवरून उचलला गेला.

"थांब रे वसंता! बाहेर ये! बाहेर ये आधी!"

तो दचकून मागे सरकला. मॅनेजर संतापले, "काय झालं, मास्तर?"

"किल्ली," मी म्हणालो. मी फळीकडे बोट केलं. "मला काही कळलं नाही, साहेब. मघाशी मी उगाच हो म्हणालो. ह्यांच्यापैकी कोणालाही कळलेलं नाही."

युरायने माझं बोट गेलं तिकडे पाहिलं, धावत जाऊन किल्ली फिरवून काढली आणि तिथेच जमिनीवर मटकन बसला. थोड्या वेळाने त्याने मला हळूच सांगितलं की सकाळी मॅनेजरांनी त्याला घाईघाईत विजेबद्दल काहीतरी विचारलं होतं. त्याला कळलं नव्हतं. त्यानेही "यस" म्हटलं होतं.

मालक निघून गेले. मॅनेजर म्हणाले, "मग दोन आठवडे तुम्ही केलंत काय?" वसंत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुपारी मी धीर करून म्हटलं, एक तास द्या. मला येते ती एकच पद्धत, पाचवीच्या वर्गाची. मी किल्ली हातात घेतली आणि मोठ्याने इंग्रजीत म्हणालो, "मी किल्ली काढतो आहे. मी किल्ली खिशात घालतो आहे. मी आत जातो आहे." बोलायचं ते करायचं आणि करायचं तेच बोलायचं. मग युरायने तसंच केलं. मग एकेक कामगार. मिशाळ, पन्नाशीची माणसं मुलांसारखी किल्ली वर धरून ओरडत होती. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. 'कळलं का?' असं मी कोणालाच विचारलं नाही. वसंताने सगळं बिनचूक केलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

यंत्र सोमवारी चालू झालं, नीट चालू झालं. मंगळवारी मी निघालो. युराय बोरिवलीपर्यंत येतो म्हणाला होता, पण कामातून सुटला नाही. वसंत आला. त्याच्या कायम होण्याचं अजून काही ठरलं नव्हतं. माझी पिशवी त्याने वर सारली आणि खिडकीखाली उभा राहिला. चार दिवसांत आम्ही जेवणाखाणापलीकडे बोललो नव्हतो. मला वाटलं, चारचौघांत आपली फजिती केली म्हणून हा रागावला आहे.

"वसंता, तुझी मान खाली गेली ना माझ्यामुळे," मी म्हणालो.

"तसा नाय, दादा." तो गावच्या बोलीत बोलत होता. खिडकीची कड त्याने घट्ट धरली होती. "माका थंय कायएक समाजला नाय होता. आत जावचा की नको, ताच माका कळा नाय. मगे तू यस म्हटलंस. म्हणान मी पाय घातलंय."

गाडी सुटली. तो हात हलवत होता. माझा हात वर झालाच नाही.

पनवेल गेलं, पेण गेलं. घामाने माझा सदरा अंगाला चिकटला होता. मी युरायला दोष दिला होता, मॅनेजरना दिला होता, स्वतःच्या इंग्रजीलाही दिला होता. पण वसंत युरायच्या शब्दावर आत उतरत नव्हता, मॅनेजरच्याही नाही. दहिसरच्या खोलीतली सुनंदा, तिची दोन मुलं, हे सगळं तो माझ्या एका शब्दावर टाकून निघाला होता. आणि तो शब्द तोंडातून काढताना माझ्या मनात एवढंच होतं की चार लोकांसमोर आपलं इंग्रजी उघडं पडू नये.