एका हातानं सुटणारी गाठ

मंडळी, आज लग्नाच्या भेटवस्तू बांधून बांधून कंबर मोडली. परंड्यात माझं गिफ्टचं छोटं दुकान आहे. सकाळपासून नुसता कागद आणि चिकटपट्टी.

दुपारी सोनारी गावच्या एक मावशी आल्या. स्टीलचा डबा आणि जुन्या साडीचा धुतलेला तुकडा पुढं ठेवला. "कागद नगं. ह्यात बांध. बहिणीला न्यायचंय."

जपानमध्ये भेटी कापडात बांधतात, हे मी मोबाईलवर बघून शिकले होते. तशीच देखणी, घट्ट गाठ मारली.

मावशींनी ती ओढून पाहिली आणि सोडली. "लई चांगली हाय पोरी, पर तिचा उजवा हात लकव्यानं गेलाय. दुसऱ्यानं उघडून दिलं की रडती ती."

मग आम्ही दोघींनी सैल गाठ शोधली. उजवा हात पाठीमागं धरून मी ती चार वेळा सोडून पाहिली. गिऱ्हाइकं खोळंबली, एकजण चिडून गेलाही.

इतकी वर्षं भेट दिसेल कशी एवढंच बघत आले. उघडणार कोण, हे कधी विचारलंच नाही. खरं सांगू, उद्याच्या गर्दीत हे विचारायचं त्राण उरेल असं वाटत नाही.

तुम्ही विचारता का?