पंधरा मिनिटं उकळलेलं पाणी

कळवणच्या मावशीने मोबाइलवर एक मेसेज पाठवला आणि माझी झोप उडाली. ‘गुडघे दुखतात? चहा आणि बोअरचं पाणी आधी बंद करा. फ्लोराइड हाडं पोखरतं.’ अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखत होते. त्यांच्या बिल्डिंगला बोअरचंच पाणी. आणि चहाची त्यांची तऱ्हा तर विचारूच नका. सकाळचा चोथा पातेल्यात तसाच ठेवायचा, दुपारी त्यावरच नवी पावडर टाकायची आणि पुन्हा उकळी आणायची. संध्याकाळपर्यंत पातेल्यात चहा कमी, चोथा जास्त.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या दुखण्याकडे आम्ही सगळ्यांनीच ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून काणाडोळा केला होता, मी तर जरा जास्तच. ते मला अजून बोचतं. आता अण्णा तेवढे उरले होते आणि या वेळी मला चूक करायची नव्हती.

मी शाळेत मराठी शिकवते. तरी विज्ञानाचा निर्णय मी दोन मिनिटांत घेतला: पाणी खळाखळा उकळलं की त्यातलं सगळं मरतं, म्हणजे फ्लोराइडही मरणार. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी स्कूटी काढून इंदिरानगरहून थेट आडगावला अण्णांकडे जायला लागले. गेल्या गेल्या चोथा कचऱ्यात आणि पाणी गॅसवर, मोजून पंधरा मिनिटं.

मी ओट्यापासून हलले की अण्णा गॅस बंद करतील, अशी मला खात्री होती. म्हणून तिथेच उभी राहायचे आणि उभ्या उभ्या बोलत सुटायचे. वर्गातल्या गमती, द्वारका चौकातली ट्रॅफिक, आईच्या हातची सुकटीची चटणी. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून ऐकत बसायचे. पातेलंभर पाणी अर्ध्यावर यायचं.

“एवढं आटवून पिण्यापुरतं तरी उरेल का गं?” ते विचारायचे.

“शुद्ध आहे ते, अण्णा.”

“बरं बाई,” म्हणून निमूट प्यायचे. अण्णांना इतकं शहाण्यासारखं ऐकताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

मधल्या काळात डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्यांची साधी झीज निघाली. तरीही माझ्या मनातली धाकधूक जाईना, म्हणून पंधरवड्यानंतर त्या उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत तो म्हणाला, “मॅडम, उकळल्यावर वाफ होऊन पाणी जातं. फ्लोराइड कुठं जाणार? ते तिथंच राहतं. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साधं पाणी घेऊन या.”

साध्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. तो घेऊन मी अण्णांसमोर अपराध्यासारखी उभी राहिले आणि काय घोळ घातला ते सांगून टाकलं. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. मग कपाटातून एक फाइल काढली. बिल्डिंगच्या बोअरचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट, त्यांनीच करून घेतलेला.

“अगं, तुझ्या बापाने पाणीपुरवठ्यात कारकुनी केलीय. उकळून फ्लोराइड जात नाही, हे मला ठाऊक नसेल होय?”

“मग बोलला का नाहीत?” मी चिडलेच.

“आई गेल्यापासून तुझे नुसते फोन येतात. जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आली असतीस?”

नसते आले. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. लाजही वाटली आणि हसूही आलं.

“उद्या येते,” मी म्हटलं.

“ये,” अण्णा म्हणाले, “पण पाणी आटवू नकोस.”