शहात्तर गुणिले अठ्ठावन्न

ढोंग जवळून, पहिल्या रांगेत बसून पाहण्याची मला भारी हौस आहे. त्यामुळे शाहूपुरीतल्या एका हॉलात वैदिक गणिताचं मोफत प्रात्यक्षिक आहे असं कळल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घातला.

मला हौस होती, पण भाचीला गरज होती. कोडोलीची ही माझ्या बहिणीची मुलगी पोलीस भरतीसाठी आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी राहायला आली होती. पळण्यात ती कुणाला ऐकणारी नव्हती. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, तिनं दोनदा पार केली आणि दोन्ही वेळा लेखी परीक्षेत गणितानं तिला आडवं केलं. ही तिसरी खेप, आणि वयाच्या हिशेबानं शेवटची. लेखीला पाच आठवडे उरले होते. बहिणीचा फोन आला, "दादा, त्या वैदिकवाल्याकडं घाल तिला. गावातली समदी पोरं तिकडंच जात्यात."

समदी पोरं जातात म्हणजे जागा वाईट असणार, हा माझा अनुभव. तरीही तिला घेऊन गेलो. दारात एका वहीत नाव, गाव आणि सही घेतली.

मंचावर गुरुजी अवतरले. रेशमी झब्बा, कपाळावर गंध, गालाला चिकटलेला माइक. मागे पडद्यावर यज्ञाच्या ज्वाळा, त्यात आकडे उडत होते. "हे ज्ञान हजारो वर्षं दडवून ठेवलं गेलं!" ते गरजले. कुणी दडवलं, ते मात्र सांगितलं नाही. मग म्हणाले, "कोणतीही संख्या सांगा!"

"त्रेसष्ट!" मागून कुणीतरी ओरडलं. गुरुजींना ऐकू आलं नाही.

"सत्त्याण्णव!" पहिल्या रांगेतल्या त्यांच्याच शिष्यानं हाक दिली. हे मात्र ऐकू आलं. दुसऱ्या शिष्यानं शहाण्णव दिलं. शंभराला तीन कमी, चार कमी; सत्त्याण्णवातून चार गेले त्र्याण्णव, तीन चोक बारा, नऊ हजार तीनशे बारा! टाळ्या. पुढं अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, एकशे दोन. शंभराच्या अंगणाबाहेर पाऊल टाकायला हा ऋषी तयार नव्हता. आमच्या वडिलांनी छडी हातात घेऊन आम्हाला सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करायला लावली होती. साडेतीनचा पाढा म्हणणाऱ्या माणसाला हा शंभराला तीन कमी शिकवणार! मी उठलो आणि तालमीतल्या आवाजात म्हणालो, "शहात्तर गुणिले अठ्ठावन्न!"

तो आवाज ऐकू न आल्याचं सोंग कोल्हापुरात तरी कुणाला करता येत नाही. गुरुजी फळ्याकडे वळले. आडवं, उभं, तिरपं असं काहीबाही गुणून त्यांनी झोकात लिहिलं: ४०४८.

"आता पडताळा! सात आणि सहा तेरा, एक आणि तीन चार. पाच आणि आठ तेरा, तेही चार. चार चोक सोळा, म्हणजे सात. आता उत्तर बघा. चार, शून्य, चार, आठ, बेरीज सोळा, म्हणजे सात. बीजांक जुळला! सिद्ध!"

हॉल दणाणला. आणि लिहिताना लाज वाटते, पण मीही टाळी वाजवली. औटकीवाल्या या विद्वानाला आपणच घातलेल्या गुणाकाराचं उत्तर माहीत नव्हतं.

शेजारी भाची उठून उभी राहिली. "सर, चुकलंय."

"ताई, बीजांक जुळला ना आत्ता?"

"जुळला की. पण साठ पंचाहत्तर साडेचार हजार हुत्यात. उत्तर त्याच्या जवळपास पायजे. तुमचं साडेचारशेनं खाली गेलंय. चार-चार-शून्य-आठ पायजे. त्याचाबी बीजांक सातच येतोय. आकड्यांची अदलाबदल झाली तर बीजांकाला कसं कळणार?"

"गणितात शंका नको, बाळ. श्रद्धा पाहिजे."

"परीक्षेत दोन्ही पर्याय दिले, तर श्रद्धेनं कुठला निवडू?"

मागून एक दुकानदार ओरडला, "ओ पावणं, वाद कशाला? मोबाईल काढा की!" वीसेक मोबाईल निघाले. चार हजार चारशे आठ.

मी खुर्चीत सावरून बसलो. आता पडदा पडणार! पण गुरुजी मंद हसले. "उत्तम! ही चूक मी मुद्दाम केली होती. तुम्ही जागे आहात का, ते पाहत होतो."

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आधीच्यापेक्षा जोरात! त्या संध्याकाळी गुरुजींबद्दलचा माझा तिरस्कार निम्मा झाला. उरलेला निम्मा मी टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटून दिला, एक वाटा स्वतःला ठेवून.

परतताना मी भाचीला विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"ऊस भरून ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर जायच्या आधी आबा मला विचारतोय, किती टन सांग. लहानपणापास्नं. काट्याचा आकडा लईच लांबचा आला, तर आबा म्हणतोय, काटा परत बघा. तसंच की." आबा म्हणजे तिचे वडील.

ती क्लासला गेली नाही. पाच आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून बसली. आधी अंदाज, मग गुणाकार. पण गुरुजींचं ते तिरपं गुणणं आणि बीजांक तिनं सोडला नाही. मी नाक मुरडलं, तर म्हणाली, "मामा, बीजांक न्हाय जुळला तर उत्तर नक्की चूक. चारातले दोन पर्याय तिथंच उडत्यात. उरलेल्या दोनांना आबाचा अंदाज. हत्यार कुणाचंबी असंना, चाललं म्हंजे झालं."

मी चहा टाकला.

ती निवडली गेली. कोडोलीत गुलाल उडाला, गालभर गुलाल लावलेला तिचा फोटो साऱ्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरला, आणि चौथ्या दिवशी तोच फोटो शाहूपुरीच्या चौकात फ्लेक्सवर झळकला. "वैदिक गणिताची किमया! आमची यशस्वी विद्यार्थिनी!" तिच्या वर, तिच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले गुरुजी.

मी भांडायला निघालो. खरं सांगायचं तर आनंदानं निघालो. पण ती म्हणाली, "तुम्ही गप बसा, मी बोलतो."

"ताई, सही आहे तुमची आमच्या वहीत," आम्ही हॉलात पोचताच गुरुजींनी वही पुढं केली.

"सही माझीच हाय. फोटोबी बरा आलाय. फ्लेक्स ऱ्हाऊ दे, सर. फक्त खाली एक ओळ घाला: शहात्तर गुणिले अठ्ठावन्न बरोबर चार हजार चारशे आठ. लोकांनी इचारलं, तर काय झालतं ते मी सांगतो."

गुरुजींचं मंद हसू पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चौकातून गेलो. तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता.

प्रशिक्षणाला निघाली त्या दिवशी ती पिशवी खांद्याला लावून माझ्या पाया पडली आणि वाकलेली असतानाच तिनं विचारलं, "मामा, सत्तेचाळीस त्रेसष्ट?"

मी दचकलो. औटकी आठवली, वडिलांची छडी आठवली, उत्तर आठवेना. "पन्नास सक्कं तीनशे... तीन हजाराच्या जरा अलीकडं," मी म्हणालो.

"पास," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.