मागे कोण?

आमच्या सायकलच्या कंपूत नियम एकच आहे. सगळ्यात मागच्या बाईला एकटं सोडायचं नाही. बाकी निघायचं किती वाजता, थांबायचं कुठे, रस्त्यात फोटो काढायचे की नाहीत, यावर आम्ही भांडून भांडून दमलो. पण या नियमावर कधी वाद झाला नाही. सोबत म्हणून जी मागे राहते तिला आम्ही शेपूट म्हणतो. पुढच्या दोघी हॉटेलात पोचल्या, इडल्या सांगून झाल्या की फोन करून विचारतात, "मागे कोण आहे?" शेपटाने "मी आहे" म्हटलं की त्या निर्धास्तपणे खायला बसतात.

आम्ही चौघी, सगळ्या बंगळुरात. पुढे असतात त्यातली एक नागपूरची. ती माझ्याच ऑफिसात आहे आणि एचएसआर लेआउटला माझ्याच गल्लीत राहते. दुसरी मुंबईची, ती राजाजीनगरला. मागे मी आणि अक्का. अक्का मुंबईकरणीच्या शेजारी राहतात, बँकेतून निवृत्त झाल्यात. त्यांचे वडील बेळगावकडून इथे आले आणि चिकपेटमध्ये कापडाच्या दुकानात जन्मभर उभे राहिले. अक्कांचं सगळं आयुष्य बंगळुरात गेलं, तरी बोलतात तिकडच्या बायकांसारखंच, "मी येतो, मी जातो" असं. सुरुवातीला मला हसू यायचं. आता घरी एखाद वेळी माझ्याही तोंडून "येतो" निघून जातं आणि नवरा चष्म्यावरून बघतो.

मी पुण्याची. म्हणजे सायकल माझ्या रक्तात असायला हवी, असं इथे सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर कॉलेज सुटलं तशी सायकलही सुटली, ती इथे आल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, नागपूरकरणीच्या नादाने पुन्हा हातात आली. दर रविवारी सकाळी कब्बन पार्कच्या गेटपाशी चौघी जमायचं आणि हेसरघट्ट्याच्या रस्त्याला लागायचं. त्या रस्त्यावर आमचं ठरलेलं हॉटेल आहे. पुढच्या दोघी मान खाली घालून सुटतात. आम्ही मागे गप्पा मारत.

मागे राहण्यात काय मजा आहे हे पुढच्यांना कधी कळायचं नाही. अक्का दुकानांच्या कन्नड पाट्या मोठ्याने वाचत जातात आणि मला अर्थ विचारतात. चुकले तर पुढच्या पाटीपर्यंत माझी शिकवणी. मध्येच एखाद्या गाडीवर पेरू दिसले की सायकल कडेला. अक्का पेरूवाल्याशी घासाघीस करणार, मी पिशवी हँडलला अडकवणार, मग पुढे एका हाताने ब्रेक आणि एका हाताने पेरू. उतार आला की दोघीही पाय सोडून द्यायचो. अक्कांची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली असते, चेहरा मात्र शाळेतून सुटलेल्या पोरीचा. आठवड्याभरात मी ज्या विषयांवर तोंड मिटून बसते, त्या सगळ्यांवर मी रविवारी मागे बोलते. सासूबाईंचं दुखणं, मुलाचं अबोल होणं, ऑफिसातला तो नवा साहेब. अक्का "हूं" म्हणतात, "मग?" म्हणतात, आणि कधीच सल्ला देत नाहीत.

यात आपण अक्कांवर थोडे उपकार करतो आहोत, असंही मला मनातून वाटायचं. अक्कांनी साठी ओलांडली आहे. त्यांना पुढच्या दोघींच्या वेगाने कसं जमणार? म्हणून मी मागे राहते. मी शेपूट. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण नागपूरकरणीचा फोन आला की "हो, मी आहे मागे" म्हणताना माझा आवाज जरा मोठ्या मनाच्या माणसासारखा येत असावा.

हा सगळा डोलारा एका रविवारी सांबारात पडला. आम्ही दोघी हॉटेलात पोचलो तेव्हा पुढच्या दोघींचं काहीतरी बिनसलं होतं.

"मी दर वेळी हिलाच फोन करते ना," नागपूरची माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ही म्हणते मी आहे मागे. मग शेपूट हीच झाली ना."

"अगं, मी अक्कांना करते," मुंबईची म्हणाली. "त्या म्हणतात, मी आहे मागं. गेली दोन वर्षं तेच सांगतायत."

अक्कांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू मागं होतीस?"

"मग कोण होतं?"

"मी होतो की."

समोरच्या दोघी हसून हसून टेबलावर पडल्या. अक्काही हसल्या. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. पण मनात हिशेब सुरू झाला. अक्का माझ्यासाठी मागे राहत होत्या? म्हणजे मी हळू होते? की अक्का हळू होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं? की मी हळू होते आणि मला ते माहीत नव्हतं? परतीच्या वाटेवर आम्ही दोघी नेहमीसारख्या मागेच होतो, आणि पहिल्यांदाच माझं लक्ष पाट्यांकडे नव्हतं.

त्या आठवड्यात मी जुन्या रविवारांची उलटतपासणी घेतली. अक्का फोनवर "मी आहे मागं" म्हणायच्या ते मीही ऐकलं होतं, पण मला वाटायचं, त्या आपण कुठे आहोत एवढंच सांगतायत. फ्लायओव्हरच्या चढावर अक्का नेहमी म्हणतात, "स्वल्प थांब, ते झाड बघ, काय फुललंय." आम्ही थांबायचो. मी समजत होते की अक्कांना दम लागतो आणि सांगायला लाज वाटते, म्हणून झाड. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मग मीही मुद्दाम धापा टाकायचे. निदान मला तरी ते मुद्दाम वाटायचं. आता आठवून बघते तर धापा टाकणारी मीच दिसते, अक्का झाडच बघताना दिसतात. पण आठवणीचा काय भरवसा? फोनमधलं सायकलचं ॲप उघडून वेग बघितला. त्यात माझा वेग होता. अक्कांचाही अर्थातच तेवढाच असणार, कारण आम्ही बरोबर होतो. ॲपला कुणाच्या मनातलं काय कळणार.

"सरळ विचार ना त्यांना," नवरा म्हणाला.

काय विचारू? तुम्ही माझी कीव करत होता का, असं? आणि त्या हो म्हणाल्या तर? नाही म्हणाल्या तर त्याचा अर्थ मी त्यांची करत होते, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगायचं? नवऱ्याला सगळंच सोपं वाटतं. तो सायकल चालवत नाही.

शेवटी मी ठरवलं की एक रविवार आपण आपल्या खऱ्या वेगाने जायचं. दूध का दूध, पानी का पानी. निघाल्यावर थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की माझा खरा वेग कोणता, हे मला ठाऊकच नाही. जोरात मारावी तर वाटायचं हा हट्ट आहे, हळू मारावी तर वाटायचं ही सवय आहे. चढ आला. अक्कांनी झाडाचं नाव काढलं. मी "तुम्ही या सावकाश" म्हटलं, गियर टाकला आणि पेडलवर उभी राहिले. का ते आजही सांगता येणार नाही. राग होता, पण कुणावर होता कोण जाणे.

हॉटेलात पोचले तेव्हा पुढच्या दोघींनी माझं कौतुक केलं. इडली गरम होती. तिथे मला पहिल्यांदाच गरम इडली मिळाली होती, आणि माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की चवच लागली नाही. मग माझ्या ध्यानात आलं की आम्ही तिघी इथे बसलोय आणि अक्का एकट्या आहेत. आमचा एकुलता एक नियम मीच मोडला होता. फोन करायला घेतला तोवर अक्का आल्या. घाम नाही, घाई नाही. हँडलला पेरूची पिशवी.

"बरं झालं," माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "आता जमतंय तुला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. त्यामुळे जास्तच गोंधळले.

पुढच्या रविवारी अक्का आल्या नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघाच. मी पुढच्या दोघींबरोबर गेले, परत आले. रस्ता तोच होता, पण काय बघितलं म्हणून विचारलं असतं तर पुढच्या सायकलचं मागचं चाक एवढंच सांगता आलं असतं. मुंबईकरणीला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गुडघा ठणठणीत आहे गं. रोज भाजी आणायला सायकलवर जातात. मला म्हणाल्या, तिला आता माझी गरज नाही, मग मी येऊन काय करू."

मला संताप आला. गरज म्हणजे काय? म्हणजे अक्का येत होत्या त्या माझ्या कोच म्हणून? आणि मग घरी येऊन बाथरूममध्ये मी चक्क रडले. एवढ्या मोठ्या बाईने सायकलीपायी रडावं याची लाज वाटली, तरी रडले. अक्का पुन्हा आल्याच नाहीत तर माझे रविवार जाणार होते, हे मला तोवर समजलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नागपूरकरणीला सांगितलं, तुम्ही दोघी गेटपाशी थांबा, मी राजाजीनगरहून येते. आणि एकटीच निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. "मला तुमची गरज आहे" म्हणावं तर मी हळू आहे हे कबूल करावं लागतं. "मी तुमच्यासाठी मागे राहायचे" म्हणावं तर त्यांचा अपमान. राजाजीनगर आलं तरी वाक्य काही जुळलं नाही.

अक्का दारात रांगोळी घालत होत्या. मला बघून उठल्या, गुडघ्यावर हात न टेकता.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"गुडघ्याला काय झालंय?" त्या म्हणाल्या, आणि मग आठवण होऊन आत वळल्या.

आत नेऊन त्यांनी स्टीलच्या लोट्यात, म्हणजे आपल्या पेल्यात, कॉफी दिली. मी तोंड उघडलं आणि नको तेच बाहेर पडलं. "अक्का, मी तुमच्यासाठी मागे राहत होते."

"माझ्यासाठी? का? मला काय झालंय?"

"तुमचं वय..." म्हणाले आणि जीभ चावली.

अक्कांनी लोटा खाली ठेवला. "माझं वय? आणि तुला गियर टाकता येत नव्हता ते? ट्रक आला की डोळे मिटून घेत होतीस ते? मी तुझ्यासाठी हळू जात होतो. आता तुला जमतंय. मागं राहून मी काय माश्या मारू?"

हे सगळं खरं होतं. डोळे मी मिटायचे. पण त्यांचं वयही खरंच होतं. मला हरल्यासारखं वाटलं आणि जिंकल्यासारखंही वाटलं, आणि दोन्हीचा मला एकदम कंटाळा आला.

"मला काही कळत नाहीये," मी म्हटलं. "कोण कुणासाठी थांबत होतं, देव जाणे. मी पुढे जाऊन बघितलं. मला नाही आवडलं. मला तुमच्याबरोबर मागे राहायचंय. गरज म्हणून नाही. मला आवडतं म्हणून."

अक्कांनी आपल्या लोट्यातली कॉफी संपवली.

"आठवडाभर मी कन्नडच बोलतो," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी कन्नड, सुनेशी कन्नड, भाजीवालीशी कन्नड. माझी आई गेली तवापासनं घरात मराठी ऐकणारं कोण नाही. रविवारची वाट मी पण बघतो." मग त्या उठल्या आणि सायकलवरचं फडकं काढलं. "सरी, चल. चिकपेटवरनं जाऊया. लौकर गेलं की मोकळं असतंय."

चिकपेट खरंच मोकळं होतं. शटरं खाली, रस्त्यावर पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळ्या. अक्कांनी आपल्या वडिलांचं दुकान दाखवलं. आता तिथे पडद्यांचं कापड मिळतं. तिथून गल्ली अरुंद होते, एकीच्या मागे एकीने जावं लागतं.

"तू हो पुढं," अक्का म्हणाल्या.

"नाही, तुम्ही व्हा."

मी वेग कमी केला. त्यांनी माझ्याहून कमी केला. मी आणखी कमी केला. दोन्ही सायकली डगमगायला लागल्या आणि शेवटी दोघींनी एकदमच पाय टेकले. चिकपेटच्या ऐन मधोमध आम्ही शेजारीशेजारी उभ्या राहिलो, गल्ली पार अडवून, आणि मला हसू आवरेना. मागून हॉर्न वाजला.

"अक्का, स्वल्प सैड बिडी," रिक्षावाला म्हणाला. जरा बाजू द्या म्हणून.

बाजू द्यायला जागाच नव्हती. आम्ही तशाच, हँडलला हँडल घासत, चालायच्या गतीने निघालो. तो बिचारा मागून. तेवढ्यात दोघींचे फोन एकदम वाजले. माझ्या फोनवर नागपूरची, अक्कांच्या फोनवर मुंबईची, दोघी कब्बन पार्कच्या गेटपाशी खोळंबलेल्या. मी काही बोलायच्या आत अक्कांनी त्यांचा फोन स्पीकरवर टाकला.

"कुठे आहात? मागे कोण आहे?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून मागे बघितलं.

"एक रिक्षा हाय," त्या म्हणाल्या.