फोटोखालचं नाव

चाचा स्क्रीनवरच्या फोटोवर अंगठा दाबून धरायचे आणि दुसऱ्या हातानं एंटरची कळ दहा वेळा बडवायचे. वरचा मजकूर खाली पळायचा, फोटो मात्र अंगठ्याखालीच. मग अंगठा उचलून म्हणायचे, "हितनं हालला न्हाई पायजे. बास." स्क्रीनवरचा तो अंगठ्याचा डाग रोज मी पुसायचो, कुरकुरत.

लोणावळ्याच्या बाजारात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. चाचा मूळचे इंदुरी गावचे, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे ऑपरेटर. तुम्ही कधी वर्डमध्ये फोटो टाकला असेल, तर तो कसा छळतो ते तुम्हाला ठाऊक असेल. वर एक ओळ वाढवा, की हा पठ्ठ्या निघाला दुसऱ्या पानावर! चाचांचे फोटो जागा सोडत नसत. लग्नपत्रिका, भाड्याच्या बंगल्यांची रेटकार्डं, दशक्रियेच्या पत्रिका, सगळ्यांचे साचे त्यांनी करून ठेवले होते. फोटो पानाला खिळलेला, नावांची चौकट खिळलेली, वर कुलूप. कुणी घाई केली की म्हणायचे, "जागा पक्की करू द्या. मंग मजकूर काय, कुनीबी टाइप करंल."

दशक्रियेच्या पत्रिकेला त्यांचा जास्त वेळ जायचा. घरच्यांना समोर बसवून नावं मोठ्यानं वाचायचे, "मुली किती? ऱ्हाईली का कुनी?" मी थट्टा करायचो, "चाचा, तुम्ही तलाठी व्हायला हवं होतं."

"तलाठ्याचं चुकलं तर दुरुस्ती हुती, दादा," ते म्हणायचे. "ह्याची न्हाई हुत."

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. भाजे गावचा एक माणूस आला. त्याच्या चुलत्यांची पत्रिका चाचांनी सकाळीच तयार केली होती, नुसती छापायची होती. तो म्हणाला, प्रवचनाला येणाऱ्या महाराजांचं नाव वर घालायचं राहिलंय, दोनच ओळी. चाचांना येऊ द्या, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण मालक मी ना! मी ओळी घातल्या, तर मजकूर फोटोखाली शिरला. म्हणून फोटोचं कुलूप काढलं आणि तो खाली सरकवला. नावांची चौकट खिळलेलीच होती. फोटो तिच्या पहिल्या ओळीवर जाऊन बसला. मला पान नीटनेटकं दिसलं. दोनशे प्रती छापून दिल्या.

त्या पहिल्या ओळीत थोरल्या मुलीचं नाव होतं. लोहगडवाडीला दिलेली. बापाचं शेवटचं सगळं दुखणं तिनंच काढलं होतं.

दहाव्यानंतर तिचा सख्खा भाऊ दुकानात आला, सोबत एक पाहुणा. भाऊ रडकुंडीला आला होता. "बहीण जेवली न्हाई, माज्याशी बोलली न्हाई. म्हनती, जमिनीतनं नाव काडायच्या आदी पत्रिकेतनं काडून बगितलंस व्हय? आता मी तोंड कुटं दाखवू? कुनी केलं ह्ये?"

चाचा समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणालो, "साचा चाचांचाच असतो."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची किळस येते.

पाहुणा म्हणाला, "त्यांच्यावर कशाला सोपवता? त्यांना काय कळणार आपल्या दहाव्यातलं?" त्याच्या गावच्या निम्म्या पत्रिका चाचांनी केल्या होत्या. हे सांगायला मला तोंड होतं. मी झेरॉक्सच्या ट्रेमध्ये कागद भरू लागलो.

चाचांनी फाइल उघडली, फोटो बाजूला सरकवला. खाली नाव होतं. कुलूप कुणी काढलं ते त्यांना तिथंच कळलं असणार. ते म्हणाले, "चुकलं, भाऊ. तुमच्या बहिनीला मी सोता जाऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली. पुढं कळलं, भावाबहिणीचं बोलणं सुरू झालं. मला केवढं हलकं वाटलं! माझी कातडी वाचली, याचंच ते हलकेपण.

पाहुण्याचं बोलणं मात्र गावोगाव फिरलं. दोघातिघांनी येऊन सांगितलं, दशक्रियेचं काम चाचांकडे नको. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी ते काढून घेतलं आणि त्यांना रेटकार्डांना बसवलं. पावसाळ्याच्या तोंडावर ते म्हणाले, "डोळं दुकत्यात, दादा," आणि इंदुरीला निघून गेले. थांबा म्हणायचं मी टाळलं.

दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही दफन झाल्यावर. त्या आठवड्यात मी लोहगडवाडीला गेलो. ती बाई गडावर जाणाऱ्यांसाठी चहा-भज्यांची टपरी चालवते. दुकानाचं नाव सांगताच तिनं ओळखलं.

"चाचा आलं हुतं," ती म्हणाली. "लय दमलं हुतं. नावांचा कागद अन् फोटू येगळा कापून आनला हुता. नावावर ठिवला, उचलला, परत ठिवला. म्हनलं, पोरी, भावाचा दोस न्हाई, माजी नजर ऱ्हाती न्हाई आता. माज्या पाया पडाया लागलं. बापाच्या वयाचा मानूस!"

"ताई," मी म्हणालो, "ती चूक त्यांची नव्हती. माझी होती."

तिनं हातातला झारा खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग त्ये जित्तं हुतं तवा का न्हाई सांगितलं?"

गडावरून उतरलेली पोरं चहा मागत होती. ती त्यांच्याकडे वळली.