लोखंड बाहेर, माणूस आत

"लोखंड बाहेर, माणूस आत," असं म्हणून आमचे मिस्त्री उजव्या हाताचा तळवा आपल्यासमोर धरायचे. देवळात तीर्थ घेताना आपण धरतो तसा. फरक एवढाच, की इथे द्यायचं आपण. किल्ल्या, घड्याळ, मोबाईल, पट्टा, पेन, जे निघेल ते त्या तळव्यात.

वेधशाळेत भांडारपाल म्हणून रुजू झालो त्या दिवशी मीही सगळं काढून दिलं. संचालक स्वतः मला उपकरणांचं आतलं घर दाखवायला निघाले होते, त्यामुळे मी जरा ऐटीत होतो. मिस्त्रींनी खिशातून बोटीवरचं जुनं होकायंत्र काढलं, माझ्या गळ्यापासून हळूहळू खाली नेलं, आणि पोटापाशी सुई थरथरली.

"इथं काय हाय?"

"पोट," मी म्हणालो.

"पोट लोखंडाचं नसतं, भाऊ."

झालं होतं असं की सकाळी निघताना पँटचा हूक तुटला. उशीर होत होता, म्हणून बायकोनं बांगडीतली सेफ्टीपिन काढून लावून दिली आणि म्हणाली, "जा, कोण बघतंय!" ती पिन मला संचालकांदेखत काढून द्यावी लागली. पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल पुढे त्यांनी जे काही समजावलं ते मी डाव्या हातात पँट धरून ऐकलं. त्यातलं फारसं कळलं नाही. या आवारात खरी सत्ता कोणाची, एवढं मात्र कळलं.

आमची वेधशाळा गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, समुद्राच्या अंगाला, सुरूच्या बनामागे आहे. वेधशाळा म्हटली की लोकांना दुर्बीण लागते. पर्यटक फाटकाशी गाडी थांबवून "तारे किती वाजता दाखवता?" असं विचारतात. आम्ही वर बघत नाही, खाली बघतो. पृथ्वी हे मोठं चुंबक आहे आणि त्याची ओढ दिवसभर कणाकणानं कमीजास्त होत असते. ती मोजणारी उपकरणं मधल्या एका घरात आहेत. हे घर लाकडाचं, वर कौलं, खिळे पितळेचे, तारा तांब्याच्या. भोवती काथ्याची दोरी. दोरीच्या आत लोखंड गेलं की पडद्यावरची रेघ उडालीच.

"पण मिस्त्री, आपला सगळा जांभाच लोखंडानं लाल झालाय. त्याचं काय?" मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं.

"ते घरचं लोखंड, भाऊ. एका जागी बसून राहतं, मशीनला त्याची सवय झाल्ये. भीती येजा करणाऱ्याची."

मिस्त्री खाडीकाठच्या गावचे. वडील गलबतावर, काका गलबतावर. हे स्वतः तरुणपणी आखातात बोटी दुरुस्त करायला गेले आणि परत आले ते पितळेची हातोडी, पितळेचे पाने आणि वडिलांचं होकायंत्र घेऊन इथे लागले. रोज सकाळी चहाच्या आधी त्यांची दोरीभोवती एक फेरी असायची. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या हिरव्या पडत, त्या घासायच्या. वाळवी बघायची. उंदरांनी तारा कुरतडल्यात का, कौल सरकलंय का, केबलच्या भोकात मुंग्यांनी घर केलंय का, सगळं बघायचं. मोठ्या शास्त्राचं पोट अशा बारीकसारीक गोष्टींवर चालतं हे मला तिथे गेल्यावर कळलं.

तुम्हाला वाटेल, मी एखाद्या गरीब, अबोल कारागिराचं चित्र काढतोय. अबोल? त्यांचा आवाज फाटकापर्यंत यायचा. मानी, भांडखोर आणि हट्टी माणूस. मी बाजारातून पितळेचे म्हणून आणलेले स्क्रू होकायंत्रापाशी धरून त्यांनी सगळ्या ऑफिससमोर मला विचारलं होतं, "ह्ये पितळ की पितळेचा शर्ट घातलेलं लोखंड?" आणि एक मोठा दोष होता त्यांच्यात. त्यांनी हाताखाली कोणाला तयार केलं नाही. कोणी शिकायला आला की चार दिवसांत त्याला रडकुंडीला आणून पळवून लावायचे. "ह्या घराला एक हात पुरे," म्हणायचे.

पावसाळ्यानंतर दोरीच्या आत कमरेएवढं गवत माजतं. तिथे विळा चालत नाही, कोयती चालत नाही, म्हणून ते हातानं उपटायचं. शेजारच्या वाडीतल्या बायका यायच्या आणि दोरीपाशी मिस्त्रींचा तळवा पुढे व्हायचा. आकडे, पिना, किल्ल्या यांचा ढीग लागायचा.

"मिस्त्री, माज्या दाढंत काय ता भरलाय डाक्टरान. तोंड पन भायेर ठेवू काय?" एक म्हातारी विचारायची.

"ठेव. गवत लवकर निघंल."

बायका हसून हसून वाकायच्या. मिस्त्रींच्या या रागीटपणात लोकांना मजा वाटायची, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. मोठ्या पाहुण्यांचा चष्मा, बुटातली पट्टी, सगळं बाहेर. ज्याला जमत नाही त्यानं बाहेरून हात जोडायचे.

मग एका चैत्रात ते शिडीवरून पडले. शिडी अल्युमिनियमची आणि ठेवलेली नीट, पाय घसरला नव्हता. वर असताना डोळ्यांसमोर अंधार आला म्हणाले. नशिबानं खाली गवताचा भारा होता. मी त्यांना रिक्षात घालून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, हृदय मध्येच थांबतंय. छातीत एक छोटं मशीन बसवावं लागेल. याच आठवड्यात."

"त्यात लोखंड असतं काय?"

डॉक्टर हसले. "तुम्हाला बसवायचंय काका, भंगारात घालायचं नाहीये."

टेबलावर लोकांना दाखवायला ठेवलेलं तसलं एक मशीन होतं, खिशातल्या जुन्या घड्याळाएवढं. मिस्त्रींनी होकायंत्र काढून त्याच्याजवळ नेलं. सुई फिरली. त्यांनी काच शर्टाला पुसली आणि होकायंत्र खिशात टाकलं.

"नको," ते म्हणाले.

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मला उमगलं. ते छातीत बसलं की मिस्त्री दोरीबाहेर.

परतताना रिक्षात ते समोर बघत म्हणाले, "शाकारणी होऊ दे. कौलं परतून झाली की बघू."

"अहो, डॉक्टर म्हणाले याच आठवड्यात."

"डॉक्टरला कुठं कौलं परतायचीत?" थोडं थांबून म्हणाले, "आमच्या घरात बोलू नका, भाऊ. शपथ हाय तुम्हाला."

मी मान हलवली. कशी हलवली ते त्यांनी त्यांच्या सोयीनं घेतलं.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझ्या पोटाकडे बघून कोणाला पटणार नाही, पण खरं आहे. संध्याकाळी बायको बांगडे साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"आणि तुम्ही गप्प बसणार?"

"शपथ घातल्ये त्यांनी."

"तुम्हाला घातल्ये. मला कुठं घातल्ये?"

तिनं हात धुतले आणि मिस्त्रींच्या बायकोला फोन लावला. या भाभींची आणि हिची जुनी ओळख. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या कित्येक वर्षं इकडून तिकडे जात होत्या. फोनवर भाभीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, वहिनी." दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली आणि मिस्त्रींना मुंबईला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला फोन केला. "भाऊ, मोठं काम केलंत," एवढंच म्हणाले. त्यात राग किती होता ते आवाजावरून कळलं नाही.

महिन्याभरानं छातीत मशीन बसवून ते परत आले. तब्येत सुधारलेली, चेहऱ्यावर रंग. नेहमीसारखे सरळ चालत दोरीपर्यंत गेले आणि थांबले. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी होकायंत्र काढून स्वतःच्या छातीला लावलं. बराच वेळ बघितलं. मग सवयीनं उजवा तळवा पुढे झाला, पण त्यात घालायला काढण्यासारखं काही नव्हतं. तळवा तसाच मिटला.

"लोखंड बाहेर," ते म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

संचालक स्वभावानं चांगले. ते बाहेर येऊन म्हणाले, "मिस्त्री, असं करू. रोज दहा मिनिटं तुम्ही आत जा. तेवढा भाग आम्ही नोंदीतून कापून टाकू. काही बिघडत नाही."

"इतकी वर्षं भल्याभल्यांना बाहेर ठेवलं, सर. आता माझ्यासाठी कापणार? मग त्या लोकांना काय सांगू, मी खोटं बोलत होतो?"

त्यानंतर ते दोरीबाहेर सुरूखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. आत कंत्राटदाराचा नवा माणूस. मिस्त्री बाहेरून ओरडायचे, "डावीकडं... अरे तुझ्या डावीकडं!" तो बिचारा वैतागायचा. इतक्या वर्षांचं काम ओरडून शिकवता येत नाही, हे मिस्त्रींना आता समजत होतं आणि आम्हालाही. पावसाआधी पाचोळा वेचायला त्याच बायका आल्या तेव्हा ती म्हातारी त्यांच्याजवळ खुर्चीपाशी जरा वेळ बसून गेली, पण दाढेचा विषय तिनं काढला नाही.

एकदा ते आमच्या घरी आले होते. बायकोनं चहा दिला. कप हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला वाचवलंत. आता वाचून काय करायचं तेवढं पण सांगा."

ते हसत म्हणाले. तीही हसली. ते गेल्यावर ती बराच वेळ तो कप विसळत राहिली. मी म्हटलं, "अगं, गंमत केली त्यांनी." ती म्हणाली, "हो ना," आणि नळ मोठा सोडला.

आषाढात वारं उठलं. सुरूची झाडं जमिनीला टेकत होती. दुपारी नव्या माणसाचा आतून आवाज आला, "पाणी येतंय!" उपकरण ज्या दगडी खांबावर उभं असतं त्याच्या अगदी वर कौल सरकलं होतं. तो आत ताडपत्री घेऊन इकडून तिकडे नाचत होता. मिस्त्री छत्री टाकून दोरीशी उभे, छत्रीच्या काड्याही लोखंडाच्या म्हणून. "वाशाला धर! दुसऱ्या वाशाला! मधे पाय नको!" वाऱ्यात त्याला शब्द पोचत नव्हता. पाणी खांबावर पडायला लागलं.

मिस्त्री वळले. संचालक मागेच भिजत उभे होते.

"सर, आता कापायला लागंल."

"जा, मिस्त्री."

खिशातल्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या, म्हणजे या वेळी तळवा माझा होता. वाकून दोरीखालून आत गेले. छातीला मशीन बसवलेला माणूस शिडी चढतोय हे बघवेना, म्हणून मी ऑफिसात पळालो आणि पडद्यासमोर उभा राहिलो. रेघ सरळ चालली होती. मग ती हलकेच वर उचलली गेली. वर राहिली, थरथरली. मी त्या रेघेकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, खाली येऊ नको, एकदम खाली येऊ नको. ती सावकाश उतरली आणि पुन्हा सरळ झाली.

बाहेर आले तेव्हा ते चिंब झाले होते. "आता गळणार नाही," म्हणाले. मग मला, "दिसलो काय पडद्यावर?"

"दिसलात. टेकडीएवढे."

"ती टेकडी आमची. काढून टाका म्हणावं."

नियमाप्रमाणे ती काढून टाकली. त्या दुपारची नोंद आज कोणी बघितली तर तिथे मोकळी जागा दिसेल.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. विचारायला गेलो तर म्हणाले, "आता आत जाऊन आलोय. परत परत नको." थंडीत एका पहाटे झोपेतच गेले. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भाभीनं हिचा हात धरून ठेवला. फोनचा विषय दोघींपैकी कोणीही काढला नाही. मी दारात उभा होतो, हातांचं काय करावं ते न कळून.

गेल्या आठवड्यात सकाळी माझ्या पँटचा हूक पुन्हा तुटला. माझं पोट काही शिकलेलं नाही. स्टॅंडवरून गाडी सुटायची वेळ झाली होती. मी बायकोपुढे उभा राहून म्हटलं, "लाव पिन पटकन." तिनं बांगडीतली पिन काढली, उघडली आणि तशीच हातात धरून बसली. मग ती मिटून परत बांगडीत अडकवली आणि सुईदोरा शोधायला उठली.

"अगं, गाडी जाईल," मी म्हटलं. "आणि आता कोण बघतंय?"

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "टाका घालून देते. ते नाहीत म्हणून काय आता पिना लावून आत जाणार तुम्ही?"